जपानशी मैत्री म्हणजे नेमके काय? येनचे कर्ज, आयातशुल्क, हापूस आणि पुण्यातले जपानी भाषेचे वर्ग

पुण्यातील वृत्तपत्रे वाचणाऱ्यांना ‘जायका प्रकल्प’ हे नाव नवे नाही. मुळा-मुठेत थेट मिसळणारे मैलापाणी अडवून ते शुद्ध करण्यासाठी अकरा केंद्रे उभारण्याचा हा प्रकल्प असून, त्याला अर्थसाहाय्य करणाऱ्या जपानी सरकारी संस्थेच्या नावावरून तो या नावाने ओळखला जातो. सिंहगड रस्त्यावरील पु. ल. देशपांडे उद्यान हे ओकायामा शहरातील कोराकुएन या तीनशे वर्षांहून जुन्या बागेच्या धर्तीवर घडवलेले आहे. चाकणमध्ये ब्रिजस्टोन टायर बनवते, आणि जपानी भाषेच्या प्रावीण्य परीक्षेला दरवर्षी पुण्यातून मोठ्या संख्येने विद्यार्थी बसतात. नदी, बाग, कारखाना आणि परीक्षा या गोष्टी वरकरणी एकमेकींशी संबंध नसलेल्या वाटल्या, तरी भारत आणि जपान यांच्यातील एकाच मोठ्या व्यवहाराच्या त्या शाखा आहेत. हा व्यवहार बातम्यांमध्ये मात्र पंतप्रधानांच्या भेटी आणि हस्तांदोलनाच्या छायाचित्रांपुरताच दिसतो.

दोन देशांची मैत्री ही भावना नसते असे नाही, पण ती चालते ती तह, कर्जाच्या अटी, आयातशुल्काच्या सवलती, नौदलांचे करार आणि व्हिसाचे नियम यांवर. भारत-जपान संबंधांचे वैशिष्ट्य असे, की त्यांत राजकीय विश्वास भरपूर आहे, स्वस्त कर्जाचा ओघ मोठा आहे, गुंतवणूकही चांगली आहे. मात्र या सगळ्याच्या मानाने परस्पर व्यापार तुटपुंजा आहे. हे असे का झाले, याचे उत्तर शोधले की या संबंधांचे बरेचसे स्वरूप आपोआप उलगडते.

भांडायला बांधच नाही

दुसऱ्या महायुद्धानंतर जपानशी शांतता तह करण्यासाठी सप्टेंबर १९५१ मध्ये सॅन फ्रान्सिस्को येथे परिषद भरली, तेव्हा भारत तिला गेला नाही. जपानच्या भूमीवर परकीय सैन्य राहणार असेल आणि त्याची काही बेटे त्याच्या ताब्यात नसतील, तर त्याला बरोबरीच्या देशाचे स्थान मिळाले असे म्हणता येणार नाही, अशी नेहरू सरकारची भूमिका होती. भारताने ९ जून १९५२ रोजी जपानशी स्वतंत्र तह केला आणि युद्धाच्या नुकसानभरपाईवरचा आपला हक्क सोडून दिला. त्याआधी टोकियोच्या युद्धगुन्हेगारी न्यायाधिकरणावरील भारतीय न्यायाधीश राधाविनोद पाल यांनी बहुमताच्या निकालाशी असहमती नोंदवली होती. १९४९ मध्ये नेहरूंनी टोकियोच्या उएनो प्राणिसंग्रहालयाला ‘इंदिरा’ नावाची हत्तीण भेट दिली होती, आणि युद्धाने होरपळलेल्या शहरातील मुलांसाठी ती मोठीच अपूर्वाईची गोष्ट ठरली. जपानच्या आठवणीत भारताबद्दल जो जिव्हाळा आढळतो, त्याचा बराच भाग या तीन-चार वर्षांतला आहे.

याखेरीज एक साधे भौगोलिक कारण आहे. दोन्ही देशांना सामाईक सीमा नाही, सागरी हद्दीचा वाद नाही आणि एकमेकांच्या भूमीवर कुणाचा दावा नाही. शेजाऱ्यांची निम्मी भांडणे बांधावरून होतात; इथे बांधच नाही.

तरीही हे संबंध सतत उबदार होते, असे समजणे चुकीचे ठरेल. जपानचे पंतप्रधान हयातो इकेदा १९६१ मध्ये भारतात आले, आणि त्यांच्यानंतर जपानचा पंतप्रधान भारतात यायला १९८४ साल उजाडले. या तेवीस वर्षांत जपान अमेरिकेच्या लष्करी छत्राखाली वेगाने श्रीमंत होत होता, तर भारत अलिप्ततावाद आणि सोव्हिएत संघाशी जवळीक यांच्या आधाराने वाटचाल करत होता, आणि परवान्यांच्या जाळ्यात अडकलेल्या आपल्या बाजारपेठेत जपानी कंपन्यांना फारसे काही करता येत नव्हते. कच्चे लोहखनिज मात्र जात होते. बैलाडिल्याच्या खाणीतील खनिज विशाखापट्टणम बंदरापर्यंत नेणारा लोहमार्ग १९६० च्या दशकात बांधला गेला, तो मुख्यतः जपानच्या पोलाद कारखान्यांची गरज डोळ्यांसमोर ठेवून.

मे १९९८ मध्ये भारताने पोखरणला अणुचाचण्या केल्या, तेव्हा हिरोशिमा आणि नागासाकी भोगलेल्या जपानने नव्या कर्जांवर बंदी घातली, आणि ती ऑक्टोबर २००१ पर्यंत टिकली. पुढे २०१६ मध्ये याच दोन देशांनी नागरी अणुसहकार्याचा करार केला व जुलै २०१७ मध्ये तो अमलात आला. अण्वस्त्रप्रसारबंदी करारावर सही न केलेल्या देशाशी जपानने असा करार करणे ही त्यांच्या दृष्टीने लहान गोष्ट नव्हती.

येनचे कर्ज कसे चालते

जपान इतर देशांना विकासकामांसाठी जे सवलतीचे कर्ज देतो, त्याची सुरुवातच भारतापासून झाली. १९५८ मध्ये दिलेले १८ अब्ज येनचे कर्ज हे जपानने कोणत्याही देशाला दिलेले पहिले येन कर्ज होते. त्यात उदारपणा होता, तसाच हिशेबही होता, कारण जपानी यंत्रसामग्रीला गिऱ्हाईक हवे होते आणि कारखान्यांना खनिज हवे होते. आज भारत हा अशा कर्जाच्या सर्वांत मोठ्या लाभार्थी देशांपैकी एक आहे. दिल्ली मेट्रो, मुंबईची भुयारी मेट्रो तीन आणि शिवडी-न्हावाशेवा सागरी सेतू, जो आता अटल सेतू म्हणून ओळखला जातो, ही त्याची ठळक उदाहरणे आहेत.

पुण्याच्या नदी प्रकल्पावरून याची रचना चांगली समजते. जानेवारी २०१६ मध्ये झालेल्या कराराप्रमाणे जपानी संस्थेने सुमारे १९ अब्ज येनचे कर्ज ०.३० टक्के व्याजाने चाळीस वर्षांच्या मुदतीवर दिले. कर्जदार पुणे महापालिका नसून भारत सरकार आहे. केंद्र सरकार ही रक्कम महापालिकेला अनुदान म्हणून देते. मूळच्या सुमारे ९९० कोटी रुपयांच्या खर्चापैकी ८५ टक्के वाटा केंद्राचा आणि १५ टक्के महापालिकेचा, असे ते गणित होते. म्हणजे जपानला हप्ता दिल्लीतून जातो. अर्थात स्वस्त पैसा मिळाला म्हणजे काम वेळेवर होते असे नाही, हे पुणेकरांना वेगळे सांगायला नको. निविदांची रक्कम अंदाजापेक्षा खूप जास्त आल्याने त्या रद्द कराव्या लागल्या, पुन्हा काढाव्या लागल्या, जागांचे प्रश्न आले, आणि व्याजाच्या दरात वाचलेले पैसे विलंबाने वाढलेल्या खर्चाकडे वळले.

इतके कमी व्याज जपानला परवडते कसे, हा स्वाभाविक प्रश्न आहे. जपानमध्ये अनेक दशके वस्तूंच्या किमती जवळपास वाढतच नव्हत्या आणि बँकांचे दर शून्याच्या आसपास होते. २०१६ पासून मार्च २०२४ पर्यंत तर तेथील मध्यवर्ती बँकेचा एक दर शून्याच्याही खाली होता. ज्या देशात पैसा घरी ठेवून काहीच मिळत नाही, त्याला ०.३० टक्के हाही दर चालतो. मध्यवर्ती बँकेने ते धोरण सोडल्यापासून नव्या कर्जांचे दरही पूर्वीइतके नगण्य राहिलेले नाहीत.

या कर्जात दोन गोष्टींकडे लक्ष ठेवावे लागते. पहिली अशी, की कर्ज येनमध्ये असते आणि ते येनमध्येच फेडायचे असते. रुपयाच्या तुलनेत येन महागला, तर व्याज कितीही कमी असले तरी मुद्दल रुपयांत फुगते. आतापर्यंत नशीब बरे आहे: २०१२ च्या सुमारास एका येनसाठी पासष्ट ते सत्तर पैसे मोजावे लागत होते, आणि २०२४ मध्ये ते पंचावन्न पैशांच्या आसपास होते. पण चाळीस-पन्नास वर्षांच्या कर्जात दहा-बारा वर्षांचा अनुभव पुरेसा मानता येत नाही.

दुसरी गोष्ट अटींची. काही कर्जे मोकळी असतात, म्हणजे कंत्राट कोणत्याही देशाच्या कंपनीला मिळू शकते. काही कर्जे मात्र विशेष अटींवर दिली जातात, ज्यांत मुख्य कंत्राटदार जपानी असावा आणि कंत्राटाच्या किमान ३० टक्के रकमेचा माल व सेवा जपानच्या असाव्यात, असे बंधन असते. मुंबई-अहमदाबाद हा ५०८ किलोमीटरचा बुलेट ट्रेन प्रकल्प या दुसऱ्या प्रकाराच्या जवळ जाणारा आहे. ०.१ टक्के व्याज, पन्नास वर्षांची मुदत आणि पहिली पंधरा वर्षे मुद्दलफेड नाही, या अटी ऐकून हे जवळपास फुकटचे कर्ज आहे असे म्हटले गेले. ते अर्धसत्य आहे, कारण अशा कर्जात सावकाराचा फायदा व्याजातून न येता मालाच्या विक्रीतून येतो. शिंकान्सेनचे, म्हणजे जपानी बुलेट ट्रेनचे तंत्रज्ञान उत्तम आहे, याबद्दल दुमत नाही. पण एकाच देशाकडून घ्यायचे बंधन असल्यावर किमतीबाबत घासाघीस करण्याची आपली ताकद कमी होते, हेही तितकेच खरे आहे.

जपानी पैशाची खरी परीक्षा १९९१ मध्ये झाली. परकीय चलनाची गंगाजळी जवळजवळ आटली असताना रिझर्व्ह बँकेने सुमारे ४७ टन सोने बँक ऑफ इंग्लंड आणि बँक ऑफ जपान यांच्याकडे तारण ठेवून कर्ज उचलले. त्या कठीण काळात जपानने केलेल्या मदतीची आठवण दिल्लीच्या अर्थ मंत्रालयात पुढे बराच काळ टिकली.

व्यापार का वाढत नाही

पैशाचा ओघ आणि व्यापार या वेगळ्या गोष्टी आहेत. १८९३ मध्ये जमशेदजी टाटांच्या सहकार्याने जपानी जहाज कंपनीने मुंबई-कोबे मार्ग सुरू केला, तेव्हा येथून कापूस जात होता आणि जपानच्या गिरण्या त्यावर चालत होत्या. आज परिस्थिती उलटी आहे. २०२३-२४ या वर्षात दोन्ही देशांतील एकूण व्यापार सुमारे २३ अब्ज डॉलरचा होता, पण त्यात भारताची निर्यात सुमारे ५ अब्ज डॉलरची आणि आयात सुमारे १७.७ अब्ज डॉलरची होती. जगातील दोन बड्या अर्थव्यवस्थांमध्ये हा आकडा फारच लहान आहे.

१ ऑगस्ट २०११ पासून दोन्ही देशांत व्यापक आर्थिक भागीदारी करार लागू आहे. दहा वर्षांत सुमारे ९४ टक्के वस्तूंवरील आयातशुल्क हटवायचे, असे त्याचे सूत्र होते. कागदावर सवलत दोघांनाही सारखीच दिसते. पण जपानचे औद्योगिक मालावरील शुल्क करारापूर्वीच अत्यल्प होते, त्यामुळे ते शून्यावर आल्याने आपल्या निर्यातदाराला फारसे काही मिळाले नाही. भारताचे शुल्क मात्र मुळात जास्त होते, त्यामुळे जपानी यंत्रे, पोलाद, तांबे आणि वाहनांचे सुटे भाग येथे बरेच स्वस्त झाले. शुल्काच्या भिंतीइतकीच, किंबहुना जास्त उंच भिंत असते ती दर्जाच्या नियमांची.

हापूसचे उदाहरण या दृष्टीने फार बोलके आहे. फळमाशीच्या भीतीने जपानने भारतीय आंब्यावर घातलेली बंदी सुमारे वीस वर्षे कायम होती आणि ती २००६ मध्ये उठली. उठली ती अटींसह: आंब्यावर उष्ण बाष्पाची प्रक्रिया करायची, गराचे तापमान ४७ अंश सेल्सियसच्या पुढे नेऊन वीस मिनिटे टिकवायचे, आणि ही प्रक्रिया मान्यताप्राप्त केंद्रातच व्हायची. राज्याच्या कृषी पणन मंडळाने वाशी येथे असे केंद्र उभारले आहे. तपासणीसाठी जपानी निरीक्षक येणार, त्याचा खर्च निर्यातदारांच्या माथी पडणार, आणि हंगाम जेमतेम दोन-अडीच महिन्यांचा. एवढे करून टोकियोच्या दुकानात पोचलेला आंबा इतका महाग होतो, की तो रोजच्या खाण्याचा राहत नाही. कोळंबीच्या बाबतीत औषधांच्या अंशांवरून असेच प्रसंग आले. यात जपान भारताला मुद्दाम अडवतो, असे मानण्याचे कारण नाही. सर्वांनाच तो असे नियम लावतो. ल्युपिनसारखी मोठी औषध कंपनी २००७ मध्ये तेथील कंपनी विकत घेऊन त्या बाजारात उतरली आणि २०१९ मध्ये तिने तो व्यवसाय विकून टाकला, यावरून अडचण फक्त छोट्या निर्यातदारांचीच नाही हे दिसते.

व्यापारातील तूट म्हणजे थेट तोटा, असा निष्कर्ष मात्र मी काढणार नाही. जपानमधून येणाऱ्या मालात ग्राहकोपयोगी वस्तू कमी आणि यंत्रे व सुटे भाग जास्त आहेत, आणि त्यांच्या जोरावर येथे कारखाने चालतात. १९८२ मध्ये सुझुकीने सरकारी मारुतीशी करार केला, आणि डिसेंबर १९८३ मध्ये पहिली मारुती ८०० रस्त्यावर आली. त्यानंतर सुटे भाग वेळेवर, मोजून-मापून आणि साठा न करता पुरवण्याची जी शिस्त आली, तिने देशभरातील पुरवठादार घडवले. पुण्यातील पन्नाशी ओलांडलेल्या वाचकांना किक न मारता बटण दाबून सुरू होणारी कायनेटिक होंडा आठवत असेल, आणि आकुर्डीच्या बजाजने कावासाकीच्या साथीने आणलेल्या मोटारसायकलीही. पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या लघुउद्योजकाने ‘कायझेन’ (सतत थोडी थोडी सुधारणा) आणि ‘फाइव्ह एस’ (कामाची जागा नीटनेटकी ठेवण्याची पद्धत) हे शब्द पुस्तकातून न शिकता मोठ्या गिऱ्हाइकाच्या लेखापरीक्षणातून शिकले. ऑगस्ट २०२४ मध्ये मारुती सुझुकीच्या भारतात बनलेल्या फ्राँक्स गाड्या जपानला विकण्यासाठी रवाना झाल्या, ही या चाळीस वर्षांच्या प्रवासातील महत्त्वाची नोंद आहे. महाराष्ट्रात सुपे येथे जपानी उद्योगांसाठी स्वतंत्र औद्योगिक क्षेत्र राखले आहे, तेही पुणे-अहिल्यानगर रस्त्यावर, म्हणजे याच पुरवठादारांच्या टप्प्यात.

समुद्र

संरक्षणाचा भाग थोडक्यात सांगता येतो. जपानचे खनिज तेल प्रामुख्याने पश्चिम आशियातून हिंदी महासागर आणि मलाक्काची सामुद्रधुनी ओलांडून येते. चीनच्या वाढत्या नौदलाची चिंता टोकियोला पूर्व चिनी समुद्रात आहे, तर दिल्लीला हिमालयात आणि हिंदी महासागरात. २२ ऑगस्ट २००७ रोजी जपानचे तत्कालीन पंतप्रधान शिंझो आबे यांनी भारतीय संसदेत केलेल्या भाषणात हिंदी आणि पॅसिफिक या दोन सागरांचा एकत्र विचार मांडला, आणि पुढे ‘हिंद-प्रशांत’ ही कल्पना जगभर रूढ झाली. अमेरिका व ऑस्ट्रेलियासह असलेला ‘क्वाड’ गट, मलबार नौदल सराव आणि २०२१ पासून लागू असलेला एकमेकांच्या सैन्याला इंधन व रसद पुरवण्याचा करार ही त्याची प्रत्यक्ष रूपे आहेत. शस्त्रविक्रीत मात्र दोघेही मुंगीच्या पावलाने चालतात. पाण्यावर उतरणारी जपानी यूएस-२ विमाने घेण्याची चर्चा अनेक वर्षे चालली आणि फळाला आली नाही. रशियाच्या युक्रेनवरील आक्रमणानंतर जपानने निर्बंध लादले, तर भारताने रशियाकडून तेल घेणे वाढवले; तरीही भेटीगाठी थांबल्या नाहीत.

अजिंठ्यापासून कोयासानपर्यंत

सांस्कृतिक संबंधांवर बोलताना बौद्ध धर्माचा उल्लेख इतक्या सवयीने होतो, की त्यातला तपशील हरवतो. बौद्ध धर्म सहाव्या शतकात कोरियामार्गे जपानला पोचला. बोधिसेन नावाचा भारतीय भिक्षू आठव्या शतकात तेथे गेला, आणि नारा येथील तोदाई-जी मंदिरातील महाबुद्धाचा नेत्रोन्मीलन विधी ७५२ मध्ये त्याच्या हस्ते झाला. आपली सरस्वती तेथे बेन्झाइतेन या नावाने पूजली जाते. नाराजवळील होर्यू-जी मंदिराच्या भिंतीवरील बोधिसत्त्वाची तुलना अभ्यासक अजिंठ्याच्या पद्मपाणीशी करत आले आहेत. ती भित्तिचित्रे जानेवारी १९४९ मधील आगीत होरपळली आणि त्या धक्क्यातून पुढच्याच वर्षी जपानने वारसा संरक्षणाचा व्यापक कायदा केला. अजिंठा-वेरूळ परिसराचे संवर्धन आणि पर्यटन विकास यांसाठीही जपानी कर्ज आले, ते या नात्याला धरूनच.

महाराष्ट्राच्या बाबतीत मात्र जुन्या इतिहासापेक्षा अलीकडचा दुवा जास्त जिवंत आहे, असे मला वाटते. जपानमध्ये जन्मलेले भदंत सुरई ससाई नागपूरला आले, येथलेच झाले आणि भारतीय नागरिकत्व घेऊन दीक्षाभूमीच्या चळवळीत काम करत राहिले. कामठीचे ड्रॅगन पॅलेस मंदिर जपानी सहकार्यातून उभे राहिले. वाकायामा प्रांतातील कोयासान या प्राचीन बौद्ध केंद्रातील विद्यापीठात सप्टेंबर २०१५ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पुतळ्याचे अनावरण झाले. हे संबंध राजदूतांच्या पुढाकाराने सुरू झालेले नव्हते.

माणसांची देवघेव

जपानची लोकसंख्या २००८ च्या सुमारास सुमारे १२ कोटी ८० लाखांच्या शिखरावर पोचली होती, आणि तेव्हापासून ती घटते आहे. आज तेथे दर दहा माणसांत जवळपास तिघे पासष्टच्या पुढचे आहेत. परकीय कामगार घेण्याबाबत दीर्घकाळ नाखूश असलेल्या या देशाने एप्रिल २०१९ मध्ये विशिष्ट कौशल्य असलेल्या कामगारांसाठी नवा व्हिसा सुरू केला, आणि जानेवारी २०२१ मध्ये भारताशी त्यासंबंधीचा समझोता केला. वृद्धांची शुश्रूषा, बांधकाम, शेती, उपाहारगृहे, कारखाने अशी त्यातील क्षेत्रे आहेत. ऑगस्ट २०२५ मध्ये टोकियोत झालेल्या शिखर भेटीत पाच वर्षांत दोन्ही बाजूंनी मिळून पाच लाख लोकांची देवाणघेवाण व्हावी, त्यांत पन्नास हजार कुशल भारतीय जपानला जावेत, आणि दहा वर्षांत जपानी खासगी क्षेत्राने भारतात दहा लाख कोटी येनची गुंतवणूक करावी, अशी उद्दिष्टे ठरली.

यांतील गुंतवणुकीचे उद्दिष्ट गाठणे तुलनेने सोपे आहे, कारण कंपन्यांना भारताची बाजारपेठ हवीच आहे. माणसांचे उद्दिष्ट अवघड आहे, आणि तिथे पुण्याला महत्त्व येते. पुण्यात रानडे इन्स्टिट्यूट, टिळक महाराष्ट्र विद्यापीठ आणि कितीतरी खासगी वर्गांत जपानी शिकवली जाते. प्रावीण्य परीक्षेच्या एन-५ (सर्वांत सोपी) पासून एन-१ (सर्वांत अवघड) पर्यंतच्या पाच पायऱ्यांपैकी पहिल्या दोन चढणारे पुष्कळ असतात. कामाच्या बैठकीत बसण्याइतकी भाषा एन-२ नंतर येते, आणि तिथपर्यंत पोचणारे थोडे असतात. मराठी विद्यार्थ्याला सुरुवात सोपी जाते, कारण जपानी अक्षरांचा क्रम संस्कृत वर्णमालेच्या प्रभावाने लागलेला असल्यामुळे क, स, त, न, ह, म, य, र अशी मांडणी त्याला ओळखीची वाटते, शिवाय दोन्ही भाषांत क्रियापद वाक्याच्या शेवटी येते. त्यानंतर कांजी, म्हणजे चिनी लिपीतून आलेली शब्दचिन्हे, सुरू होते, आणि निम्मा वर्ग गळतो. जे टिकतात, ते हिंजवडीतील कंपन्यांत ब्रिज इंजिनिअर म्हणून म्हणजे जपानी ग्राहक आणि येथील संगणक अभियंते यांच्यामधले दुवे म्हणून काम करतात, आणि त्यांना इतरांपेक्षा जास्त पगार मिळतो.

नव्या व्हिसासाठी लागणारे कामगार बहुतेक या वर्गांतून येणार नाहीत. ते परिचारिका, जोडारी, यंत्रचालक असतील आणि त्यांची शहरे पुणे-मुंबईपेक्षा लहान असतील. त्यांना पदवीइतकी भाषा नको. एन-४ एवढी भाषा आणि कौशल्याची परीक्षा पुरे आहे. अडचण अशी, की पुण्यातले शुल्क आणि खोलीभाडे त्यांना परवडत नाही, आणि त्यांच्या जिल्ह्यांत शिकवणारे नाहीत. नेपाळ, व्हिएतनाम आणि इंडोनेशिया या बाबतीत आपल्या पुष्कळ पुढे आहेत. औद्योगिक प्रशिक्षण संस्था आणि परिचर्या महाविद्यालये यांच्या अभ्यासक्रमातच जपानी भाषा घातली, आणि पुण्यात तयार झालेल्या एन-२ धारकांना तेथे शिक्षक म्हणून बरा पगार दिला, तर पन्नास हजारांचा आकडा अशक्य नाही. अन्यथा तो संयुक्त निवेदनातच राहील.